मुदत संपण्याची तारीख

इतवारीत कुणाचा मुलगा परदेशी निघाला, की ती बातमी सराफा ओळीतून किराणा ओळीत पोचायला संध्याकाळ व्हावी लागत नाही. घरी माणसं येतात, पेढे खातात, आणि त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. पगार किती? घर कंपनी देणार का? थंडी सोसवेल का? उत्तरंही साधारण ठरलेलीच. पण काही घरांत एक प्रश्न बैठकीत विचारला जात नाही. माणसं उठून गेली, कपबशा आत गेल्या, की कुणीतरी खालच्या आवाजात म्हणतं, "सगळं खरं, पण याचं तिथे कसं होणार?" 'हा' म्हणजे घरातलं ते मूल, ज्याला आपण पूर्वी मतिमंद म्हणायचो, मग विशेष म्हणू लागलो, आणि सरकारी कागदावर ज्याला आता दिव्यांग म्हणतात. नावं बदलत गेली, प्रश्न आहे तिथेच आहे.

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे पुष्कळ जण येतात. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली आणि त्यातली काही परकीय चलनाच्या टेबलावर, म्हणून व्हिसाचंही मला कळत असावं असा ओळीतल्या लोकांचा समज आहे. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणजे ऐकून तरी घेईन, हा दुसरा समज. तिसरं कारण मात्र समज नाही. माझा नातू स्वमग्न आहे. डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात, ते. २०१२ साली तो नागपुरात जन्मला, चौथ्या वर्षी आईबापांबरोबर अमेरिकेला गेला आणि आज न्यू जर्सीत सरकारी शाळेत शिकतो आहे. हे लिहिण्याआधी मी मुलीला आणि जावयांना विचारलं. "लिहा बाबा, पण त्याचं नाव नको," असं ती म्हणाली. म्हणून इथे तो नुसता नातू.

लोक पहिल्यांदा शाळेचं विचारतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू. तो इथे असताना एका बालवाडीने त्याला आठ दिवस ठेवून घेतलं आणि नवव्या दिवशी सांगितलं, "बाकीचे पालक तक्रार करतात." दुसरीकडे अर्जच मिळाला नाही. अमेरिकेत गेल्यावर मुलगी घाबरत घाबरत सरकारी शाळेत गेली. तिथे तिला पत्त्याचा पुरावा, लसीकरणाची नोंद आणि जन्माचा दाखला मागितला. व्हिसा कोणता, हे कुणी विचारलं नाही. पुढे महिनाभर तपासण्या झाल्या आणि एका टेबलाभोवती सहा-सात माणसं बसली. शिक्षिका, मानसतज्ज्ञ, वाचा-उपचार करणाऱ्या बाई, शाळेचे प्रतिनिधी आणि हे दोघं. या मुलाने वर्षभरात काय शिकायचं, त्याला कोणती मदत किती वेळ मिळायची, हे सगळं कागदावर उतरलं आणि आईबापांची संमतीची सही झाल्यावरच ते अमलात आलं. दरवर्षी ती बैठक होते. सकाळी बस दाराशी येते. या सगळ्याला पैसे पडत नाहीत.

हे ऐकलं की आपल्याकडे लोक म्हणतात, "श्रीमंत देश आहे, त्यांना काय!" पण नुसत्या श्रीमंतीने हे झालेलं नाही. १९७५ पूर्वीही अमेरिका श्रीमंतच होती, आणि तेव्हा तिथली दहा लाखांवर अपंग मुलं शाळेच्या दाराबाहेर उभी होती. पेन्सिल्व्हेनियातल्या पालकांची एक संघटना सरकारविरुद्ध कोर्टात गेली आणि १९७२ साली मतिमंद मुलांना सरकारी शाळेत शिकवणं राज्याला भाग पडलं. तीन वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९७५ रोजी, सगळ्या देशासाठी कायदा झाला. १९९० मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. तीन ते एकवीस वर्षांपर्यंतच्या प्रत्येक अपंग मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे मोफत शिक्षण मिळालं पाहिजे, हा त्याचा गाभा. माझ्या नातवाच्या दाराशी येणारी पिवळी बस त्या पालकांनी आणून उभी केली आहे.

त्याच १९७२ साली आपल्या मुंबईत एक आई असंच काही करत होती. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी १९६६ साली कोलकात्यात जन्मली, सेरेब्रल पाल्सी घेऊन. इथल्या डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितलं. पुढे हे कुटुंब इंग्लंडला गेलं आणि या मुलीला शिकवता येतं, तिची बुद्धी शाबूत आहे, हे तिथे कळलं. मिठूताईंनी स्वतः तिथे विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलं. मग ते मुंबईला परतले, तेव्हा मालिनीला घेईल अशी शाळाच नव्हती. म्हणून त्यांनी शाळा काढली. नर्गिस दत्त त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. ती स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया आज 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाते. मालिनी चिब सेंट झेवियर्समधून पदवीधर झाल्या, नंतर लंडनला जाऊन त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या, पुस्तक लिहिलं, नोकरी केली. परदेशी जाणं, परत येणं आणि पुन्हा जाणं, या तिन्हींचा उपयोग झालेलं हे उदाहरण आहे. मी ते मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे या विषयावर दोनच सूर लागतात. एक म्हणतो, जा आणि सुटा. दुसरा म्हणतो, आपली माणसं सोडून जाऊ नका. आयुष्य या दोन वाक्यांत मावत नाही.

आता बँकेतल्या माणसाची एक सवय सांगतो. मुदत ठेवीची पावती हातात आली, की गिऱ्हाईक आधी व्याजाचा दर वाचतं. मी आधी मुदत संपण्याची तारीख वाचतो. विशेष मुलाला घेऊन परदेशी निघालेल्या माणसाने तेच करावं, असं मला वाटतं. शाळा उत्तम आहे, मान्य. पण कधीपर्यंत? आणि त्यानंतर काय?

काही देशांत ही तारीख येण्याचाच प्रश्न नसतो, कारण दार आधीच अडलेलं असतं. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. पुण्या-नागपुरातली कितीतरी मुलं आज तिकडे आहेत. तिथे कायमचा रहिवास मागणाऱ्या कुटुंबातल्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते. एखाद्याच्या उपचारांवर आणि देखभालीवर सरकारचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे जाईल असं दिसलं, की नकार येतो. तो एकट्या मुलाला येत नाही. एक नापास झाला, की सगळं घर नापास. ही मर्यादा जुलै २०२४ पासून ८६ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, म्हणजे पन्नास लाख रुपयांच्या घरात, आणि कायमच्या अपंगत्वासाठी हिशेब दहा वर्षांपर्यंतचा धरतात. विशेष मुलाचा खर्च ती मर्यादा सहज ओलांडतो. अपंगांशी भेदभाव करू नये असा कायदा त्या देशात १९९२ पासून आहे, पण स्थलांतराचा कायदा त्यातून वगळलेला आहे.

२००८ साली व्हिक्टोरियाच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या एका जर्मन डॉक्टरला असाच नकार आला. त्याच्या मुलाला डाउन सिंड्रोम होता. त्या भागात डॉक्टर मिळत नव्हते, म्हणून गाव उभं राहिलं, वर्तमानपत्रं उभी राहिली आणि मंत्र्यांनी आपला विशेष अधिकार वापरून परवानगी दिली. त्यानंतर २०१० मध्ये तिथल्या संसदीय समितीने या नियमांवर अहवाल दिला. तरीही २०२३ मध्ये पर्थमधल्या एका भारतीय कुटुंबाला अगदी त्याच वाटेने, म्हणजे नकार, गाजावाजा आणि मग मंत्र्यांची सही, असं जावं लागलं. ज्यांची बातमी होते त्यांना सही मिळते. ज्यांची बातमी होत नाही, त्यांचं काय?

२०२३ मध्ये माझ्या जावयांना मेलबर्नमधून नोकरीचं बोलावणं आलं होतं. पगार चांगला, हवा चांगली, क्रिकेट तर आहेच. त्यांनी हे नियम वाचले. तात्पुरत्या व्हिसावर जाता येईल, पण अपंगांसाठीची तिथली जी मोठी राष्ट्रीय योजना २०१३ साली सुरू झाली, ती प्रामुख्याने नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहे. म्हणजे मुलाला मदत हवी तर कायमचा रहिवास हवा, आणि मुलाला मदत लागते म्हणून कायमचा रहिवास मिळणं अवघड. त्यांनी नम्रपणे नकार कळवला.

कॅनडातही असाच नियम होता. दक्षिण आफ्रिकेतल्या हिलेवित्झ नावाच्या एका उद्योजकाने तो सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यांच्या मुलाचा बौद्धिक विकास मंद होता आणि खर्च करायची त्यांची तयारीही होती, ऐपतही. २००५ मध्ये न्यायालय म्हणालं, की निव्वळ रोगाचं नाव वाचून निर्णय घेऊ नका. या कुटुंबाकडून सरकारवर खरोखर किती भार पडेल, ते बघा. पुढे २०१८ मध्ये कॅनडाने खर्चाची मर्यादा तिप्पट केली आणि विशेष शिक्षणाचा खर्च हिशेबातून काढूनच टाकला. नियम माणसांनी केलेले असतात आणि माणसं ते बदलतात, एवढा दिलासा या गोष्टीतून घ्यायला हरकत नाही.

अमेरिका दारात अडवत नाही. तिथली तारीख आत गेल्यावर कळते, आणि ती आहे मुलाचा एकविसावा वाढदिवस.

हे थोडं समजावून सांगायला हवं. माझे जावई 'एच-वन-बी' या नोकरीच्या व्हिसावर आहेत. त्यांच्यावर अवलंबून असलेली मुलगी आणि नातू 'एच-फोर' वर. ग्रीन कार्डासाठी अर्ज केलेला आहे. पण नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार ग्रीन कार्डं मिळतात आणि त्यात कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा आहे. भारतातून गेलेल्यांची रांग त्यामुळे फार लांबली. २०२५ साली पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांच्या वर्गात २०१२-१३ मध्ये नाव लागलेल्यांची पाळी चालू होती. जावयांचं नाव २०१८ चं. आमच्या बँकेत टोकन घेऊन बसलेला माणूस निदान समोरचा आकडा पुढे सरकताना पाहतो. हा आकडा कधीकधी मागेही जातो.

आता एच-फोर वरचं मूल एकवीस वर्षांचं झालं, की ते मूल राहत नाही. त्याचा व्हिसा संपतो. इतर मराठी घरांतली मुलं या वेळी कॉलेजात असतात. ती विद्यार्थी व्हिसा घेतात, नंतर नोकरी मिळवतात. त्यांनाही त्रास होतो, पण वाट असते. माझ्या नातवाला कॉलेजात प्रवेश मिळणार नाही. तो आपल्या नावाने नोकरीचा व्हिसा काढणार नाही. आणि मूल अपंग आहे म्हणून ही वयाची अट सैल करावी, अशी तरतूद त्या कायद्यात नाही. शाळेचा कायदाही त्याच सुमाराला हात सोडतो. म्हणजे २०३३ साली, काही महिन्यांच्या अंतराने, बस यायची थांबेल आणि देशात राहण्याचा अधिकारही जाईल.

समजा त्याआधी ग्रीन कार्ड मिळालं, तरी सगळं सुटत नाही. प्रौढ अपंगांसाठीची दिवसभराची केंद्रं, निवास, मदतनीस हे तिथे बहुतांशी 'मेडिकेड' या सरकारी योजनेतून चालतं, आणि १९९६ च्या एका कायद्याने नव्या ग्रीन कार्डवाल्यांना त्यासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं. शाळा हा हक्क आहे. शाळेनंतर रांगा आहेत, त्या अमेरिकन आईबापांनाही चुकलेल्या नाहीत. शिवाय व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, तर दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. ताटातली वाटी उजवीकडून डावीकडे गेली तरी ज्या मुलाचा जेवणाचा सगळा धीर सुटतो, त्याला साठ दिवसांत देश बदलायला कसं शिकवायचं?

इतर देशांच्या तारखा निराळ्या आहेत. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने विशेष मुलाची शैक्षणिक योजना पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू शकते, पण कामाच्या व्हिसावर गेलेल्या घराला अपंगत्वाचे सरकारी भत्ते मिळत नाहीत. दुबईला जाणाऱ्यांना मी एक वेगळी गोष्ट सांगतो. तिथे विशेष शाळेची फी खिशातून भरावी लागते आणि ती कंबरडं मोडते. मात्र २०२२ च्या नियमांनुसार अपंग मुलाला आईबाप कितीही वयापर्यंत आपल्या व्हिसावर ठेवू शकतात. ज्या देशात नागरिकत्व जवळपास मिळतच नाही, त्याने या एका बाबतीत वयाची अट काढली, आणि ज्या देशाने अपंगांच्या शिक्षणाचा आदर्श घालून दिला, तिथे ती आहे. जगाचा हिशेब असाच असतो. एका खात्यावर जमा बघून दुसऱ्या खात्याबद्दल काही सांगता येत नाही.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग इथेच बरं. पण आपल्याकडेही एक तारीख आहे, आणि ती आणखी लवकर येते. मूल अठरा वर्षांचं झालं की.

मी शाखेत असताना एक गृहस्थ पेढे घेऊन आले होते. मुलाचा अठरावा वाढदिवस. मुलाला बौद्धिक अपंगत्व होतं. त्याच्या नावावर आजोबांनी ठेवलेली रक्कम होती आणि वडील पालक म्हणून सही करत होते. कायद्याने तो मुलगा त्या दिवशी सज्ञान झाला होता, म्हणजे वडिलांची सही संपली होती, आणि मुलाला सही येत नव्हती. पेढा हातात घेऊनच मला त्यांना हे सांगावं लागलं. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. आपल्याच मुलाचे आपण आता कुणी नाही, असं एखाद्या बापाला काउंटरवर कळावं?

त्यावर उपाय आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरच्या व्यक्तीसाठी तो कायदेशीर पालक नेमू देतो. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा. तिचं प्रमाणपत्र बँका मान्य करतात. पुढे त्या गृहस्थांनीही ते आणलं आणि खातं चालू झालं. याच न्यासाची 'निरामय' नावाची एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आली आणि सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आला. कायदा आला, बस अजून दाराशी आलेली नाही. पण बस कोणत्या कायद्याने मागायची, हे तरी आता ठरलं आहे.

परदेशी जाणाऱ्यांनी यातली एक मेख ध्यानात ठेवावी. या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे पालक भारताचा नागरिक असावा लागतो. आईबापांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं आणि मूल भारतीयच राहिलं, किंवा उतारवयात त्याला घेऊन ते परत आले, तर त्याचं पालकत्व कुणाच्या नावावर होणार? काका, मामा, बहीण, कोण? हा प्रश्न विमानतळावर सुचत नाही. तो आधी, जेवणाच्या टेबलावर, नावं घेऊन बोलावा लागतो.

नातू दर दोन-तीन वर्षांनी इथे येतो, तेव्हा मी दोन्हीकडचा ताळेबंद मांडून बघतो. त्याला तराजू आवडतो. किराणा ओळीत आमच्या ओळखीचं एक जुनं दुकान आहे. तिथे तो तासभर उभा राहतो आणि दुकानदार त्याला वजनं लावू देतात. एक किलो, पाचशे, दोनशे, शंभर, पन्नास, अशी तो उतरत्या भाजणीने मांडतो. पहिल्या दिवशी त्यांनी सरळ विचारलं होतं, "काय झालं जी पोराले?" मुलीने सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि तेव्हापासून ती वजनं त्याची झाली. न्यू जर्सीत असं कुणी विचारत नाही. तिथे कुणी टक लावून बघतही नाही, याचं मुलीला पहिल्यांदा केवढं सुख वाटलं होतं! दोन वर्षांनी ती म्हणाली, "बाबा, कुणी बघत नाही हे खरं, पण कुणी बघायलाही नाही."

म्हणून इतवारीचं कौतुक करून मी मोकळा होणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागातून मारबती निघतात. पिवळी मारबत, काळी मारबत, बडगे, ढोलताशे, आणि रस्त्यात मुंगीला वाट मिळणार नाही अशी गर्दी. सव्वाशे वर्षांहून जुनी ही मिरवणूक. सगळ्या इडापीडा गावाबाहेर नेऊन जाळायच्या, अशी तिची कल्पना. एका वर्षी नातू तेव्हा इथे होता. पहिल्या ढोलाला तो जिन्याखाली गेला आणि कानांवर हात दाबून चार तास तिथेच बसला. आमच्या गल्लीत त्या दिवशी त्याच्यासाठी शांत असा एक कोपरा मिळाला नाही. आणि दुकानदारांची ती वजनं? त्यांची मुलं पुण्याला आहेत, दुकान फार दिवस चालणार नाही. माणसाची माया खरी असते, पण ती वारसाहक्काने पुढच्या मालकाकडे जात नाही. तिकडे हक्क आहेत, पण ते व्हिसाला बांधलेले. इकडे माया आहे, ती माणसाच्या आयुष्याला बांधलेली. दोन्ही पावत्यांवर तारीख आहे.

भाषेबद्दल थोडं. परदेशी गेलेल्या पुष्कळ आईबापांना सल्ला मिळतो, की मूल आधीच कमी बोलतं, त्याच्याशी फक्त इंग्रजी बोला. आमच्याही मुलीला तो मिळाला होता. पण हा सल्ला अभ्यासाने टिकलेला नाही. कॅनडातल्या एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन भाषांत वाढणारी मुलं एकाच भाषेतल्या तशाच मुलांपेक्षा मागे पडलेली नव्हती. स्वमग्न मुलांबद्दलही नंतरच्या अभ्यासांत असंच दिसलं. मुलीने मराठी सोडली नाही. तिने वीस शब्दांची यादी करून वर्गशिक्षिकेला दिली. पाणी, पुरे, दुखतंय, नको, घरी, अशी. रोमन अक्षरांत उच्चार आणि पुढे अर्थ. त्या बाईंनी ती वर्गात फळ्याशेजारी लावली. आज नातू इंग्रजीत शाळेची कामं करतो आणि मराठीत 'नको' म्हणतो. 'नको' म्हणता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. शिवाय उद्या त्याला परत यावं लागलं, तर ज्या भाषेत त्याला पाणी मागावं लागेल ती त्याच्याजवळ असेल. घरात मराठी बोलणं हा या मुलांच्या बाबतीत हौसेचा विषय नाही, परतीच्या तिकिटाचा आहे.

तर मग जावं की नाही? येणाऱ्यांना मी याचं उत्तर देत नाही. मी त्यांना कागद आणि पेन देतो. पहिल्या ओळीत लिहा, मुलाचं आजचं वय. मग ज्या देशात जायचं तिथल्या तीन तारखा. शाळा कोणत्या वर्षी संपते, आपल्यावर अवलंबून राहण्याचा त्याचा हक्क कोणत्या वर्षी संपतो, आणि प्रौढ अपंग म्हणून मदत मागायचा हक्क कोणत्या वर्षी सुरू होतो. ही तिसरी तारीख आधीच्या दोन तारखांच्या आत येत असेल, तर आनंदाने जा. तसं होत नसेल तरी जाता येईल. लहान वयातली पाच-सात वर्षं चांगल्या शाळेत गेली, तर त्याचा फायदा मुलाला जन्मभर पुरतो. पण मग परतीचं वर्ष आधीच ठरवून जा. आपलं दिव्यांग प्रमाणपत्र, त्याचं ओळखपत्र, बँकेचं खातं, सगळं चालू ठेवा. आणि शेवटच्या ओळीत एक नाव लिहा, आपल्यानंतर याच्याकडे कोण बघणार त्याचं. ते नाव लिहिताना पेन थांबतं, हे मी खूपदा पाहिलं आहे.

काहींनी ते नाव सापडेना, तेव्हा संस्था उभ्या केल्या. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेने 'घरकुल' उभारलं. मुळशीतल्या कोळवणला १९९४ मध्ये 'साधना व्हिलेज' सुरू झालं. मोठी झालेली विशेष माणसं तिथे घरासारखी राहतात. आमच्या नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली मातृ सेवा संघ काढला तो बाळंतिणींसाठी. त्याच संघाने पुढे मतिमंद मुलांसाठी शाळाही चालवली. गरज दिसली की काम काढायचं, ही या शहराची जुनी रीत आहे. पण प्रौढ झालेल्या, आईबाप थकलेल्या मुलांची गरज अजून या शहराला पुरेशी दिसलेली नाही. आपली माणसं तिकडे न्यू जर्सीत मराठी मंडळं चालवतात, गणपती बसवतात, नाट्यसंमेलनं भरवतात. त्यांतली ज्यांची मुलं अशी आहेत, त्यांनी आणि इथल्या पालकांनी मिळून विदर्भात असं एक घर उभं केलं, तर परत येण्याला पराभव म्हणायची वेळ कुणावर येणार नाही.

आमच्या घरात अजून काही ठरलेलं नाही. २०३३ ला अवकाश आहे, असं जावई म्हणतात. अवकाश आहे म्हणूनच आज बोलू, असं मी म्हणतो. गेल्या महिन्यात मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, त्या समितीकडे अर्ज करायला काय काय कागद लागतात?" मी यादी लिहून पाठवली. पालकाच्या नावाची जागा रिकामी ठेवली. दोन दिवसांनी माझ्या धाकट्या मुलाचा फोन आला. तो इथेच महालात राहतो, त्याच्या बायकोशी त्याचं बोलून झालं होतं. म्हणाला, "बाबा, त्या जागेत आमचं लिहा."

मी अजून ते पेन्सिलनेच लिहिलं आहे. अठरा पूर्ण व्हायला पाच वर्षं आहेत.